आधी तिवडा कुठंय ते सांग

दिवाळीत भाची आलती चार दिवस. अकरावीला आहे, लातूरला क्लास लावलाय, म्हणजे सुट्टी असली तरी पाठीवरचं गाठोडं काही उतरत नाही. सगळे ओसरीवर चिवडा खात बसलेले आणि ही एका कोपऱ्यात ग्राफची वही मांडीवर घेऊन नखं खात बसलेली. शेवटी माझ्याकडं आली, "मामा, हे उत्तर येईना झालंय बघा."

मी काही गणिताचा मास्तर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून परभणीत लोकांच्या घरांचे नकाशे काढतो, बस्स. पण भाचीसमोर मामाला 'मला येत नाही' म्हणायची सोय नसते, म्हणून चष्मा चढवला. गणित साधं होतं. ए बिंदू (२, १), बी बिंदू (५, ३), दोन्ही जोडणारा रेषाखंड ए बिंदूभोवती घड्याळाच्या काट्याच्या उलट ९० अंशांतून फिरवला, तर बी कुठं जाईल? हिनं लिहिलं होतं (−३, ५). पुस्तकात मागं भलतंच उत्तर.

म्हणलं, आधी याची लांबी काढ. आडवं ३, उभं २, म्हणजे √१३, साधारण ३.६. आता तुझा नवा रेषाखंड मोज, (२, १) पासून (−३, ५) पर्यंत. आडवं ५, उभं ४, √४१, म्हणजे ६.४ च्या आसपास. "फिरवता फिरवता जवळजवळ दुप्पट झाला की गं हा!" असं जमिनीच्या मोजणीत झालं असतं तर शेजाऱ्यानं पेढे वाटले असते.

ती म्हणली, "पण सूत्र तर बरोबर लावलंय. एक्स आणि वायची अदलाबदल करायची आणि पुढच्याला उणे लावायचं."

सूत्र बरोबरच होतं, तिचं आणि माझंही. मीही हेच सूत्र असंच पाठ केलतं, चालीवर, 'वाय पुढं, उणे लाव, एक्स मागं', आणि वर्षानुवर्षं ते तोंडात ठेवून फिरलो. पण ते सूत्र कशाभोवती फिरवतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असेन, हे जास्त खरं वाटतं. ते फिरवतं आरंभबिंदूभोवती, (० , ०) भोवती. आणि हिच्या गणितात खुंटी ठोकली होती ए वर. हिनं बी ला आरंभबिंदूभोवती फिरवून आणलं आणि ए ला होता तिथंच बसवून ठेवलं. मग बिचारा रेषाखंड ताणणारच, त्याचं एक टोक या गावात आणि दुसरं टोक त्या गावच्या जत्रेत.

हे तिला कसं सांगावं म्हणून विचार करायलो होतो तर समोर माळावरचं जुनं खळं दिसलं. म्हणजे खळं आता नाही, खळ्याची जागा आहे.

माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, आमच्याकडं ज्वारीची मळणी बैलांनीच व्हायची, मळणीयंत्र नंतर आलं. माळावर मुरमाची कडक जागा बघून गोल खळं करायचं, पाणी मारून चोपायचं, शेणानं सारवायचं, मधोमध बाभळीचा एक जाड खांब रोवायचा. तो तिवडा. काही जण मेढ म्हणतात, आमच्या घरी तिवडाच. त्याला दावं अडकवून चार बैलांची पात एका ओळीत बांधायची, खाली कणसं पसरायची, आणि आबा मागं उभे राहून पात हाणायचे. बैलांच्या तोंडाला मुसकी, नाहीतर मळायच्या आधीच अर्धं रान खाऊन बसतील. बैलानं शेपटी वर केली की आम्हा पोरांपैकी एकानं टोपलं घेऊन पळायचं, कारण शेण कणसात पडलं तर आबा शेणापेक्षा वाईट बोलायचे.

त्यात आबांचं एक शास्त्र होतं. तिवड्याशेजारी कायम म्हातारा बैल. सगळ्यात बाहेर तरणा. का म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणले, "आतला उभ्या उभ्या फिरतो, बाहेरचा पळतो." एवढंच. आता कागदावर मांडलं तर कळतं की ती बैलांची ओळ म्हणजेच एक रेषाखंड, एक टोक तिवड्याला, दुसरं मोकळं, आणि सगळे बैल एकाच वेळी एकच कोन फिरतात. पाव चक्कर झाली तर चौघांचीही पाव चक्कर. पण आतला तिवड्यापासून ३ फुटांवर असेल तर पूर्ण फेऱ्यात १९ फूटच चालतो, आणि बाहेरचा १२ फुटांवर असेल तर त्याला ७५ फूट तोडावे लागतात. कोन सारखा, पायपीट चौपट. आणि एवढं फिरून दोन बैलांमधलं अंतर मात्र तेवढंच, दाव्यानं बांधलेलं, कमी नाही जास्त नाही. रेषाखंड फिरला तरी त्याची लांबी बदलत नाही याचा याहून चांगला पुरावा मला अजून मिळालेला नाही.

भाचीला म्हणलं, "फिरवायच्या आधी तिवडा कुठंय ते विचारायचं. तुझा तिवडा ए वर आहे. तू बैल दुसऱ्याच्या खळ्यावर नेलास."

ती हसली, पण लगेच, "मग सूत्र कसं लावू?"

सूत्राला एकच खळं माहीत आहे, आरंभबिंदूचं. मग आपणच सगळं उचलून तिथं न्यायचं. (५, ३) मधून (२, १) वजा केलं की उरतो (३, २), म्हणजे ए वर उभं राहून बघितलं तर बी तीन घरं उजवीकडं आणि दोन घरं वर. आता हा फिरव. (−२, ३). आणि ए परत मिळव. (०, ४). झालं. लांबी बघ, आडवं २, उभं ३, परत √१३. चढ बघ, आधीचा दोन तृतीयांश, आताचा उणे तीन द्वितीयांश, गुणाकार उणे एक, म्हणजे काटकोनात आहेत. न्यायचं, फिरवायचं, परत आणायचं. हे तीन शब्द तिनं वहीच्या समासात लिहिले आणि खाली दोनदा रेघ मारली.

पण (३, २) चा (−२, ३) का होतो, तो उणे मधेच कुठून उगवतो, हे तिला अजून पटलं नव्हतं आणि मला ते बरं वाटलं, कारण मला ते पटायला नोकरी लागावी लागली. देवघरातली काडेपेटी आणली. ग्राफवर आडवी ठेवली, डावा खालचा कोपरा तिवड्यावर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जी तिरपी रेघ जाते ती आपला रेषाखंड. पेटी लांबीला जास्त, उंचीला कमी. आता तोच कोपरा बोटानं दाबून धरायचा आणि पेटी डावीकडं उभी करायची. जी लांबी होती ती उंची झाली, जी उंची होती ती रुंदी झाली, आणि पेटी पूर्ण तिवड्याच्या डाव्या अंगाला गेली. डावीकडं म्हणजे उणे. संपलं सूत्र. अजून एकदा फिरव, पेटी उलटी आडवी होऊन खाली, दोन्ही आकड्यांना उणे, १८० अंश. घड्याळाच्या दिशेनं फिरवली असतीस तर उणे दुसऱ्या आकड्याला लागला असता, (२, −३). तिनं चारही पाळ्या केल्या आणि काडेपेटी हलवून बघत बसली. मग आईनं ओरडून काडेपेटी परत मागितली, दिवाबत्तीची वेळ झालती.

आता यात माझी एक फजिती आहे ती सांगितलीच पाहिजे. कामाला लागलो तेव्हा नुकतंच ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं, शिकलतो. एका गिऱ्हाइकाचा प्लॅन तयार, सगळं झालं, आणि ऐन वेळी त्याला कुणीतरी सांगितलं की दार पूर्वेलाच पाहिजे. (हे आमच्या धंद्यात दर आठवड्याला होतं. प्लॉट पडतो दक्षिणेकडं तोंड करून आणि माणसाला पाहिजे पूर्व. पुढं रस्ता नसला तरी पूर्व.) म्हणलं त्यात काय, ९० अंश फिरवू. सगळं सिलेक्ट केलं, रोटेट दाबलं. कॉम्प्युटर विचारतो, बेस पॉइंट कुठला? म्हणजे तिवडा कुठंय. मी घाईत शून्य, शून्य देऊन टाकलं. ९० टाकलं. एंटर. आणि घर गायब. प्लॉट जागेवर, कंपाउंडची भिंत जागेवर, आत काहीच नाही, वांझोटी जमीन. गिऱ्हाईक मागं उभं. "घर कुठं गेलं हो?" मला घाम. शेवटी पूर्ण ड्रॉइंग बारीक करून बघितलं तर स्क्रीनच्या पार दुसऱ्या टोकाला एक ठिपका, तेच घर. व्यवस्थित फिरलेलं, एक भिंत वाकडी नाही, दार बरोबर पाहिजे तसं, फक्त प्लॉटपासून लई लांब. मोजणीचा नकाशा जसाच्या तसा घेतलता, त्यामुळं शून्य-शून्य हा बिंदू माझ्या प्लॉटपासून कोसभर दूर होता, आणि बाहेरचा बैल किती पळतो ते तर आबांनी सांगितलंच होतं.

पण त्या फजितीत एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला अजूनही लई सुंदर वाटते. घर भलतीकडं गेलं तरी ते चुकीचं फिरलं नव्हतं. भाचीला तेच करून दाखवलं. तोच रेषाखंड, पण तिवडा यावेळी (१, ३) वर ठोक, जो रेषाखंडावर नाहीच. ए गेला (३, ४) वर, बी गेला (१, ७) वर. आता ए पासून बी कडं बघ, दोन घरं डावीकडं, तीन वर. परत (−२, ३)! तिवडा ए वर असो, आरंभबिंदूवर असो, कुठंही असो, फिरून झाल्यावर रेषाखंडाचं तोंड तिकडंच आणि लांबी तेवढीच. बदलते ती फक्त जागा. म्हणून घाबरायचं नाही, घर फिरलेलं असतं, फक्त उचलून आणायचं असतं. गिऱ्हाइकाला मी तेव्हा हे सांगितलं नाही, कंट्रोल झेड दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो. आता सगळं सोयाबीन, पण बांधाकडच्या एका पट्ट्यात हौसेनं कापूस ठेवलाय आणि तोही जुन्या पद्धतीनं, चौफुलीवर. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आधी रानात उभ्या काकऱ्या पाडायच्या, मग त्याच अंतरावर आडव्या, आणि जिथं दोन काकऱ्या एकमेकीला छेदतात तिथं फुली, त्या फुलीवर सरकी टोबायची. तीन बाय तीन फूट. फायदा असा की तण आलं तर कोळपं उभंही हाणता येतं आणि आडवंही, झाड मोडत नाही. भाची बांधावर उभी राहिली आणि म्हणली, "मामा, हा तर ग्राफ पेपर." मला हे चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मग तिथंच खेळ सुरू झाला. एका झाडाला तिवडा धरायचं. त्याच्यापासून ३ झाडं पूर्वेला आणि २ उत्तरेला गेलं की एक झाड. हे ९० अंशांत फिरवलं तर २ पश्चिमेला, ३ उत्तरेला, तिथंही झाड! कुठलंही झाड घ्या, काटकोनात फिरवा, झाडावरच पडतं, मातीत कधीच नाही. म्हणून तर कोळपं दोन्हीकडून चालतं, उभं रान आडवं केलं तरी तेच रान राहतं. पण ४५ अंश फिरवा, शेजारचं झाड जातं ०.७ पूर्वेला आणि ०.७ उत्तरेला, रिकाम्या मातीत. भाची म्हणली म्हणजे फक्त काटकोनच चालतो. नाही. ५ झाडं सरळ पूर्वेला जा आणि तो ५ चा रेषाखंड साधारण ५३ अंश फिरव, बरोबर ३ पूर्वेला ४ उत्तरेला, झाडावर. तीन-चार-पाच, जे आमचा गवंडी पाया आखताना दोरीवर गाठी मारून वापरतो आणि त्याला पायथागोरस कोण हे माहीत असायचं काही कारण नाही.

६० अंशांचं मात्र कधीच जमत नाही. म्हणजे तीन झाडांवर कोपरे ठेवून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण या रानात होतच नाही, मग रान पार गोदावरीपर्यंत पसरवा. कारण असं की झाडांवर कोपरे ठेवून काढलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ चौकटींत मोजलं तर पूर्ण नाहीतर अर्ध्यात येतं, साडेतीन, सात, असं. आणि समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे बाजूचा वर्ग गुणिले √३ भागिले ४. बाजूचा वर्ग इथं पूर्ण संख्या, मग तो √३ जाईल कुठं? तो ना पूर्ण होतो ना अर्धा. भाचीला हे इतकं आवडलं की ती मुद्दाम अर्धा तास शोधत फिरली, सापडतो का म्हणून. पायजम्याला सगळे गोखरू चिकटवून परत आली. "जवळ जवळ येतो मामा, पण नाही."

हिच्या अकरावीत संमिश्र संख्याही आहेत आणि त्याला ती लई वैतागलेली. उणे एकचं वर्गमूळ म्हणे आय, अशी संख्या कुणी बघितली? म्हणलं, काल तू काडेपेटीनं तीच बघितलीस. एकदा काटकोनात फिरवणं म्हणजे आय नं गुणणं. १ वर उभा आहेस, एकदा फिर, सरळ वर आलास, तो आय. अजून एकदा फिर, उणे १ वर आलास. दोनदा फिरलं की तोंड उलटं, म्हणून आय गुणिले आय बरोबर उणे एक. यात जादू नाही, दोन पाव चकरांची अर्धी चक्कर होते एवढंच आहे.

आणि हे पहिल्यांदा नीट कुणी मांडलं माहितीय का? एका मोजणीवाल्यानं. कॅस्पर वेसेल, जन्मानं नॉर्वेचा, डेन्मार्कच्या नकाशांच्या कामावर आयुष्यभर जमिनी मोजत फिरलेला माणूस. दिशा असलेल्या रेषाखंडांचा गुणाकार करायचा तर लांब्या गुणायच्या आणि कोन मिळवायचे, हे त्याचं लिखाण १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढं मांडलं गेलं, १७९९ ला छापून आलं, आणि मग? काही नाही. डॅनिशमध्ये लिहिलं होतं, कोण वाचणार. १८०६ मध्ये आर्गां नावाच्या माणसानं पॅरिसमध्ये स्वतंत्रपणे तेच काढलं आणि संमिश्र संख्या कागदावर बिंदूंनी दाखवायची आकृती आजही त्याच्या नावानं ओळखतात. वेसेलचा फ्रेंच अनुवाद झाला १८९७ ला. शंभर वर्षं! आपापल्या भाषेत लिहिणाऱ्यांनी यावरून काय घ्यायचं ते घ्यावं, मी आपला नकाशे काढणारा माणूस. पण मला नेहमी वाटतं की हे मोजणीवाल्यालाच सुचायचं होतं. आमच्याकडंही शंकू-साखळीच्या मोजणीत शंकू म्हणजे काय, तर काठीच्या डोक्यावर काटकोनात दोन फटी. एका फटीतून बांधाची रेघ धरायची, दुसरीतून बघायचं, झाला ९० अंशांचा वळसा. दिवसभर हेच करणाऱ्याला रात्री झोपेतसुद्धा रेषाखंड फिरताना दिसत असतील.

जायच्या आदल्या दिवशी भाचीनंच विषय काढला. पुस्तकात उलटं गणित होतं, रेषाखंड आधी इथं, नंतर तिथं, तर कशाभोवती फिरला ते शोधा. म्हणजे बैल दोन वेळा दिसले, तिवडा दिसत नाही. हे मला जास्त आवडणारं गणित. ए आणि नवा ए जोडा, मध्य काढा, तिथून काटकोनात रेघ मारा. बी चंही तसंच. दोन रेघा जिथं मिळतील तिथं तिवडा, कारण तिवडा ए च्या जुन्या आणि नव्या जागेपासून सारख्याच अंतरावर असणार, दाव्याची लांबी थोडीच बदलते. आमचाच कालचा रेषाखंड घेतला, दोन्ही रेघा बरोबर (१, ३) वर येऊन मिळाल्या. ती उठून उभीच राहिली. "मामा, मग आपल्या खळ्याचा तिवडा सापडंल की!"

खळ्याच्या कडेला लावलेल्या दगडांपैकी एका बाजूचे सात-आठ दगड अजून आहेत, बाकीचे कधीच बांधात गेले. खळं गोल, म्हणजे कडेचे दगड तिवड्यापासून सारख्याच अंतरावर. तीन दगड निवडले, त्यातल्या त्यात न हललेले वाटले ते. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी, दुमडून मध्य, तिथं खुंटी. तीन-चार-पाचच्या गाठी मारून काटकोन काढला, रेघ ओढली. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत परत तेच. ऊन चढलं होतं, सुतळी मुरमात अडकत होती, दोनदा सगळं मोडून परत मांडलं. शेवटी दोन रेघा मिळाल्या, बोरीच्या अलीकडं दोन पावलांवर. भाचीनं तिथं फुली मारली, खुरप्यानं उकरलं. मुरूमच. खाली परत मुरूम.

एवढ्यात आई भाकरी घेऊन आली. आम्ही काय करायलोय ते थोडा वेळ बघितलं. "काय हुडकायलाव रे?"

"तिवडा, आज्जी. इथं होता ना?"

"हितं कुठं बाई. हितं तर पात सुटली की पाणी प्यायला बसायचे समदे." म्हणून तशीच चालत गेली, डोक्यावर टोपलं, खाली बघितलंसुद्धा नाही, आमच्या फुलीपासून चारेक फूट पलीकडं जाऊन थांबली आणि पायानं माती सारली. "हितं."

"पण आज्जी, गणितात तर..."

"मी वीस वर्षं कणसं सारलेत की गं या तिवड्याभवती."

भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी दगडांकडं बघितलं, कुठला हलला असेल म्हणून. मग तिनं माझ्या खिशातला टेप काढून घेतला, त्याचं टोक आज्जीच्या पायाच्या अंगठ्याखाली दिलं, "हलू नको हं आज्जी," आणि टेप सोडत सोडत पहिल्या दगडाकडं निघाली.